नांगर, स्टोव्ह आणि लॅपटॉप

(नभोवाणीवरील भाषण)

इतिहास म्हटला कीं लढाया, तह आणि राज्यारोहणें आपल्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. परंतु मनुष्याच्या संसारांत त्याहून लहान आणि तरीहि दूरवर परिणाम करणाऱ्या क्रांत्या होत असतात, आणि त्यांची नोंद कोणत्याहि बखरींत सांपडत नाहीं. बिघडलेली वस्तु कोणीं दुरुस्त करावयाची, या साध्या प्रश्नाचें उत्तर गेल्या शंभर-सव्वाशें वर्षांत आपल्याकडे दोनदां बदललें. पूर्वीं तें उत्तर ‘गांवचा कारागीर’ असें होतें. मग कांहीं काळ तें ‘घरचें माणूस’ असें झालें. आणि आज, विशेषतः लॅपटॉपसारख्या वस्तूच्या बाबतींत, ‘दुरुस्तीच्या भानगडींत पडूं नका, नवी घ्या’ असें उत्तर मिळूं लागलें आहे. हा बदल कसा घडला, आणि तो अटळ होता काय, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

आरंभ खेड्यापासून करूं. माझें गांव येरमाळा. तें धाराशिव जिल्ह्याच्या कळंब तालुक्यांत, सोलापूर-धुळें महामार्गावर वसलें आहे. येडेश्वरीच्या चैत्री यात्रेमुळें त्याचें नांव पुष्कळांना ठाऊक आहे. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या अमलाखालीं होता. पण राज्य निजामाचें असो वा इंग्रजांचें, शेतकऱ्याचा नांगर मोडला तर तो सुताराच्याच दारीं जाई. त्रिंबक नारायण आत्रे यांनीं १९१५ सालीं प्रसिद्ध केलेल्या ‘गांवगाडा’ या ग्रंथांत बलुतेदारीची ही घडण तपशिलानें वर्णिली आहे. कुळव, पाभर किंवा गाडीचें चाक नादुरुस्त झालें कीं सुतार तें नीट करून देई. लोहार फाळाला धार लावून देई. प्रत्येक खेपेला पैसे मोजावयाचे नसत. सुगी झाली कीं खळ्यावर वर्षाचें बलुतें धान्यरूपानें दिलें जाई.

यांत एक मर्म आहे. मोबदला वर्षाचा ठरलेला असल्यामुळें वस्तु वारंवार मोडण्यांत सुताराचा कांहींच लाभ नव्हता. उलट एकदां केलेलें काम जितकें टिके तितका त्याचा वेळ वांचे. दुरुस्ती करणाराचें हित आणि वस्तु वापरणाराचें हित एकाच बाजूला होतें. या व्यवस्थेंत जातीची सक्ति होती, कारागिराच्या मुलाला दुसरा धंदा करण्याची मोकळीक नव्हती, आणि कित्येकांच्या वांट्याला कष्टांच्या मानानें फार थोडें येई. तेव्हां ती परत यावी असें कोणीहि शहाणा मनुष्य म्हणणार नाहीं. तथापि हितांची ही जुळणी लक्षांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

यंत्रयुग आलें आणि ही जुळणी सुटली. वस्तु दूरच्या कारखान्यांत तयार होऊं लागल्या. त्या करणारा मनुष्य गांवांत राहीनासा झाला, आणि मोडल्यावर काय करावयाचें हा प्रश्न नव्यानें उभा राहिला. महाराष्ट्रांत या प्रश्नाशीं ज्यांना प्रत्यक्ष झुंजावें लागलें त्यांत लक्ष्मणराव किर्लोस्कर हे अग्रणी होत. मुंबईच्या व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें ते कांहीं वर्षें शिक्षक होते. १८८८ सालीं बेळगांवांत निघालेलें सायकलचें दुकान हा त्यांच्या उद्योगाचा आरंभ मानला जातो. पुढें त्यांनीं कडबा कापण्याचें यंत्र केलें, नंतर लोखंडी नांगर केला, आणि १९१० सालीं औंधच्या अधिपतींच्या साहाय्यानें कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसविली.

लोखंडी नांगर शेतकऱ्यांनीं प्रथम घेतला नाहीं. लोखंडाच्या स्पर्शानें जमीन विषारी होईल, असें लोक म्हणत. या भीतीला आज आपण हसतों. परंतु तिच्या पोटांत एक वाजवी शंका दडलेली असली पाहिजे. लांकडी नांगर मोडला तर गांवचा सुतार होता. लोखंडाचा मोडला तर कोणाकडे जावयाचें? या शंकेचें उत्तर व्याख्यानानें देतां येण्यासारखें नव्हतें. तें नांगराच्या रचनेनेंच द्यावें लागलें. लोखंडी नांगराचे भाग बोल्टांनीं जोडलेले असतात. फाळ झिजला तर तेवढाच सोडवावा आणि दुसरा बसवावा. बाकीचा नांगर आहे तसाच राहतो. एक पाना हातीं असला कीं शेतकरी हें काम बांधावर बसून करूं शकतो. अशा रीतीनें सुताराची जागा सुट्या भागानें घेतली, आणि दुरुस्तीची विद्या हळूहळू वापरणाराच्या हातीं आली.

शहरांतील घरांत हेंच काम स्टोव्हनें केलें. स्वीडन देशांतील फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट यांनीं १८९२ सालीं दाबाच्या रॉकेलवर चालणारा, काजळी न धरणारा स्टोव्ह तयार केला, आणि तो पुढें आपल्या स्वयंपाकघरांत असा कांहीं रुळला कीं चाळींतील बिऱ्हाडाला त्यावांचून शोभा नसे. स्टोव्ह हें मोठें लहरी यंत्र. त्याचें छिद्र तुंबे, पंपाचा वायसर सुके, बर्नरवर काजळी चढे. परंतु त्याच्या निर्मात्यानें हे दोष लपवून ठेवले नव्हते. छिद्र तुंबणारच, म्हणून पिन निघाली. आणि ती पिन कोपऱ्यावरच्या वाण्याच्या दुकानांतहि मिळे. वायसर सुकला तर गोडे तेलाचा एक थेंब पुरे. आमच्या मातोश्री शाळेंत गेलेल्या नव्हत्या. तरी स्टोव्हचा पंप उघडून, चामड्याची ती चकती मऊ करून, दोन मिनिटांत तो पूर्ववत् बसविण्यांत त्यांचा हात कोणी धरला नसता. यंत्रशास्त्राचें पहिलें शिक्षण मराठी घरांना या पिनेनें दिलें, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

ज्या नभोवाणीवरून मी आपणांशीं बोलत आहें, तिचाहि या इतिहासांत वांटा आहे. २३ जुलै १९२७ रोजीं मुंबईचें केंद्र सुरू झालें. त्या काळच्या रेडिओ यंत्राच्या पाठीशीं पुठ्ठ्याची फळी असे. ती काढली कीं कांचेच्या दिव्यांसारखे दिसणारे व्हाल्व्ह ओळीनें दिसत. चालू यंत्रांत त्यांपैकीं एखादा उजळेनासा झाला आणि थंड राहिला, तर बहुधा तोच बिघडलेला आहे, हें लहान मुलालाहि कळे. तो खोबणींतून उपसून दुसरा बसवावयाचा. कित्येक यंत्रांच्या आंतल्या बाजूस विद्युन्मार्गाचा आराखडा छापून चिकटविलेला असे. डिसेंबर १९४७ मध्यें अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत ट्रान्झिस्टरचा शोध लागला आणि रेडिओ लहान व स्वस्त झाला. माझ्या लहानपणीं आमच्याकडच्या खेड्यांत तो येऊन पोंचला होता. त्याची तुटलेली तार डाख लावून जोडणारा एखादा हौशी तरुण मोठ्या गांवांत तरी हमखास भेटे. ही विद्या त्यानें कोणत्याहि महाविद्यालयांत मिळविली नव्हती. उघडतां येणाऱ्या वस्तूनेंच ती त्याला शिकविली होती.

आतां लॅपटॉपकडे वळूं. १९८१ सालीं अमेरिकेंत निघालेला ‘ऑस्बोर्न-१’ हा उचलून नेण्याजोगा संगणक सुमारें अकरा किलो वजनाचा होता; त्याला मांडीवर घेण्याची कल्पना एखाद्या पहिलवानालाच सुचावी. पुढच्याच वर्षीं पुस्तकासारखा मिटणारा ‘ग्रिड कंपास’ आला, आणि आजच्या लॅपटॉपचा आकार निश्चित झाला. त्यानंतरचीं पंचवीस-तीस वर्षें बहुतेक लॅपटॉपांना खालच्या बाजूस एक खटका असे. तो सरकविला कीं बॅटरी हातांत येई. तळाचें लहानसें झांकण दोन स्क्रू काढून उघडलें कीं स्मृतीची पट्टी बदलतां येई. म्हणजे लॅपटॉपचें पूर्वायुष्य नांगराच्या आणि रेडिओच्याच वळणावर गेलें होतें.

मग पातळपणाची शर्यत लागली. २००९ सालीं ॲपल कंपनीनें आपल्या कांहीं यंत्रांत पांच पाकळ्यांच्या डोक्याचा स्क्रू आणला. त्याला बसेल असा पेचकस तेव्हां बाजारांत सहजीं मिळत नव्हता. २०१२ सालच्या तिच्या नव्या पातळ लॅपटॉपांत बॅटरी गोंदानें चिकटविलेली होती, आणि स्मृति मुख्य फळीला डाखानें कायमची जोडलेली होती. इतर पुष्कळ कंपन्यांनीं कमीअधिक प्रमाणांत तोच मार्ग धरला.

अशा यंत्राची घरीं दुरुस्ती करूं पाहणाऱ्याच्या वांट्याला काय येतें, तें थोडें विस्तारानें सांगतों. माझ्याकडचें यंत्र एका उन्हाळ्यांत तापूं लागलें आणि त्याचा पंखा घरघर करूं लागला. वैशाखांत आमच्याकडे काळ्या मातीची धूळ कोठेंहि शिरते; पंख्याच्या पात्यांवर तिचा थर बसावयाचाच. म्हणजे काम काय, तर पंखा पुसण्याचें. परंतु पंख्यापर्यंतची वाट किती लांब! तळाचे सारे स्क्रू काढले तरी झांकण हलत नाहीं; कारण आणखी दोन स्क्रू रबरी पायांखालीं लपविलेले असतात. स्क्रूंच्या लांबींत मिलिमीटर दोन मिलिमीटरांचा फरक असतो, आणि लांब स्क्रू आखुडाच्या जागीं गेला तर आंतल्या फळीला इजा करतो. म्हणून मीं कागदावर तळाचा नकाशा काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या त्याच्या जागीं चिकटवून ठेवला. नंतर कडेचे प्लॅस्टिकचे खटके. नखानें उघडूं जावें तर ते दाद देत नाहींत, जोर करावा तर मोडतात. आंत कागदासारख्या पातळ पट्ट्या असतात. त्यांच्या टोकाशीं असलेली तांदळाच्या दाण्याएवढी कळ आधीं उचलावी लागते; पण ती उचलावयाची असते हें यंत्राबरोबर आलेल्या पुस्तिकेंत कोठेंहि सांगितलेलें नसतें. भिंग आणि चिमटा घेऊन एक सबंध दुपार घालविल्यावर पंखा स्वच्छ झाला, उष्णता वाहून नेणारा लेप नव्यानें लावला, आणि यंत्र थंड झालें.

एवढ्यानें समाधान मानावें, तों पुढच्या वर्षीं कळफलकावरची एक कळ निकामी झाली. पाहतों तर कळफलक वरच्या आवरणाला प्लॅस्टिकच्या वितळविलेल्या खिळ्यांनीं जखडलेला! एका अक्षरासाठीं सबंध आवरण बदलावयाचें. सुटा भाग टपालानें मागवावा, तर दिसावयास हुबेहूब असलेल्या भागाचें टोक जोडणीशीं जमत नाहीं. कारण एकाच नांवाच्या यंत्रांतहि वर्षागणिक फेरबदल होतात. बॅटरीची गोष्ट तर याहून गंभीर आहे. लिथियमची बॅटरी जुनी होऊन फुगली, आणि गोंदांतून उचकटतांना तिला टोंक लागलें, तर ती पेट घेऊं शकते; तेव्हां फुगलेल्या बॅटरीच्या वाटेला घरीं जाऊंच नये. जाणत्या माणसाकडे जावें म्हणून एका शहरांतील दुकान गांठलें, तर तेथील गृहस्थांनीं झांकण न उघडतांच ‘बोर्ड गेला, नवा घ्या’ असा निकाल दिला. तें यंत्र आजहि माझ्या टेबलावर चालू आहे.

कठीण कामाचा मला कंटाळा नाहीं. शाळामास्तराचें आयुष्य कठीण कामांतच जातें. परंतु वाट मुळांत अवघड असणें वेगळें, आणि असलेली वाट बुजविलेली दिसणें वेगळें. दुसऱ्या प्रकारानें मनुष्य चिडतो, आणि पुढें पुढें प्रयत्नच सोडून देतो. आपल्याच पैशानें घेतलेल्या वस्तूपुढें तो परक्यासारखा उभा राहतो.

ही चीड जगांत अनेकांना आली, आणि तिच्यांतून कांहीं चांगलेंहि निष्पन्न झालें. २००३ सालीं कॅलिफोर्नियांत काइल वीन्स आणि ल्यूक सूल्स हे दोघे विद्यार्थी होते. वीन्स यांनीं आपला ‘आयबुक’ नांवाचा लॅपटॉप दुरुस्त करण्यासाठीं माहितीपुस्तक शोधलें. तें कोठेंच मिळेना. तेव्हां या दोघांनीं यंत्रें स्वतः उघडून, प्रत्येक पायरीचें छायाचित्र घेऊन, दुरुस्तीच्या पुस्तिका इंटरनेटवर मोफत देण्यास आरंभ केला. ‘आयफिक्सिट’ या नांवानें तो उद्योग आज जगभर ओळखला जातो. बलुतेदार गेला, आराखडा गेला. त्यांची जागा परस्परांना शिकविणाऱ्या अनोळखी माणसांनीं घेतली.

येथें कोणी असा आक्षेप घेईल कीं, यंत्र इतकें सूक्ष्म झाल्यावर दुसरें काय होणार? नांगर कोठें आणि संगणक कोठें? या आक्षेपाचें उत्तर आपल्याच रायगड जिल्ह्यांत मिळतें. कर्जतजवळ खैराट नांवाची वाडी आहे. २००७ सालीं तेथील वीस-बावीस मुलांच्या एकशिक्षकी प्राथमिक शाळेंत ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या योजनेचा भारतांतील पहिला प्रयोग झाला. ही योजना अमेरिकेंतील प्राध्यापक निकोलस निग्रोपॉण्टी यांची. भारत सरकारच्या शिक्षण खात्यानें २००६ सालीं तिला नकार दिला होता. तरी खासगी साहाय्यानें तीं हिरव्या-पांढऱ्या रंगांचीं लहानशीं यंत्रें खैराटच्या मुलांच्या हातीं आलीं.

त्या यंत्राची रचना मुद्दाम पाहण्यासारखी आहे. त्यांत पंखा नव्हता आणि फिरणारी तबकडीहि नव्हती. म्हणजे झिजणारे भागच कमी केले होते. कळफलक रबराच्या सलग पटलानें झांकलेला असल्यामुळें धूळ व पाणी आंत जात नसे. बॅटरी हातानें निघे. सारें यंत्र साध्या पेचकसानें उघडतां येई. आणि त्याच्या वरच्या मुठीच्या आंत कांहीं जादा स्क्रू बसवून ठेवलेले होते. यंत्र उघडणारें मूल एखादा स्क्रू हरवणारच, हें रचनाकारानें आधींच जाणलें होतें. स्टोव्हच्या पिनेमागें जो विचार, तोच या स्क्रूंमागें. नायजेरियांतील गलादिमा येथील शाळेंत मुलांनीं या यंत्रांचें ‘रुग्णालय’ काढून आपल्या सोबत्यांचीं बिघडलेलीं यंत्रें स्वतः दुरुस्त केलीं. ही योजना सर्वत्र सफल झाली असें नाहीं. शंभर डॉलरांत यंत्र देण्याचा संकल्प होता, पण किंमत जवळजवळ दुप्पट झाली. परंतु लॅपटॉप मुलांनासुद्धां उघडतां येईल असा करतां येतो, एवढें त्या प्रयोगानें निर्विवाद सिद्ध केलें.

कारखानदारांच्या बाजूनेंहि थोडें बोललें पाहिजे. पातळ आणि हलकें यंत्र हवें, असा हट्ट आपणच धरला. डाखानें जोडलेली स्मृति कमी जागा घेते आणि सैल होत नाहीं. गोंदानें बसविलेल्या बॅटरीस वेगळा सांगाडा लागत नाहीं. या सोयी खऱ्या आहेत. मात्र त्यांची किंमत खरेदीच्या दिवशीं सांगितली जात नाहीं. ती चार वर्षांनीं कळते. बलुत्याच्या काळीं वस्तु टिकण्यांत दोघांचें हित होतें असें मीं आरंभीं सांगितलें. आज नवी वस्तु खपण्यांत एकाचें हित आहे आणि जुनी टिकण्यांत दुसऱ्याचें. हा तिढा केवळ सद्भावनेनें सुटणारा नाहीं. म्हणून आतां कायदे पुढें येत आहेत. फ्रान्सनें २०२१ पासून लॅपटॉपसारख्या वस्तूंवर त्यांच्या दुरुस्तीयोग्यतेचे गुण छापणें बंधनकारक केलें. युरोपीय संघानें २०२४ सालीं दुरुस्तीच्या हक्काचा निर्बंध संमत केला. आपल्या केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्यानें जुलै २०२२ मध्यें याच हक्काच्या विचारासाठीं समिति नेमली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत कंपन्यांची दुरुस्तीविषयक माहिती एकत्र देणारें संकेतस्थळ उघडलें. त्या समितीनें प्रथम विचारार्थ घेतलेल्या वस्तूंत इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या जोडीला शेतीचीं अवजारेंहि आहेत. नांगर आणि लॅपटॉप अशा रीतीनें सरकारी कागदांतहि शेजारीं येऊन बसले आहेत.

शहरांतील सुखवस्तु कुटुंबाला नवा लॅपटॉप घेणें परवडेल. त्याच्या दृष्टीनें हा प्रश्न गैरसोयीचा आहे. परंतु खेड्यांतील शाळेचें तसें नाहीं. देणगीदाखल मिळालेलीं संगणक यंत्रें किरकोळ भागावांचून कुलुपबंद कपाटांत पडून राहिलेलीं मीं एकाहून अधिक शाळांत पाहिलीं आहेत. एकाची बॅटरी गेलेली, दुसऱ्याची कळ निखळलेली, तिसऱ्याचा दिव्याला जोडण्याचा सांधा ढिला. आणि बाहेर पन्नास मुलें एका यंत्राभोंवतीं दाटी करून उभीं. तीं यंत्रें सोप्या रीतीनें उघडतीं, तर सातवीच्या मुलांनीं एका सुटींत त्यांतलीं निम्मीं चालू केलीं असतीं, आणि त्या खटाटोपांत जें शिकलीं असतीं तें कोणत्याहि पाठ्यपुस्तकांत नाहीं.

म्हणून यापुढें शाळेसाठीं किंवा घरासाठीं खरेदी करतांना दुकानदाराला तीन प्रश्न अवश्य विचारावे. बॅटरी साध्या पेचकसानें निघते काय? स्मृतीची पट्टी खोबणींत आहे कीं डाखानें जोडली आहे? आणि हें यंत्र उघडण्याची कृति कंपनीनें प्रसिद्ध केली आहे काय? दहा गिऱ्हाइकांनीं हे प्रश्न विचारले तर दुकानदार उत्तरें शोधूं लागेल. दहा हजारांनीं विचारले तर तीं कारखान्यापर्यंत पोंचतील. खैराटच्या यंत्राच्या मुठींत जादा स्क्रू ठेवणारानें दोन गोष्टी गृहीत धरल्या होत्या: यंत्र बिघडेल, आणि तें उघडणारा हात एखाद्या मुलाचा असेल. मुलांच्या हातीं कोणतीहि वस्तु देतांना आपणहि तेवढें गृहीत धरावें, इतकीच माझी विनंती आहे.